पहाटे तीनची शुगर

आज पहाटे लेकीची शुगर 52 पर्यंत खाली घसरली. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. ग्लुकोजचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. टोचून टोचून बोटांच्या टोकांवर काळे ठिपके पडलेत तिच्या.

मग झोप कुठली! डुकराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या रोपणाबद्दल वाचत बसले. डुकराचं इन्सुलिन आपल्यापेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळं. कित्येक वर्षं मधुमेही माणसं त्यावर जगली. मोठी अडचण ही, की शरीर परक्या पेशींवर तुटून पडतं. म्हणून समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटच्या वेष्टनात त्या ठेवून पाहतात: साखर, इन्सुलिन आरपार जातं, हल्लेखोर पेशी बाहेरच राहतात.

सकाळी लेकीला विचारलं, "डुकराच्या पेशी चालतील का गं?"

"आई, रात्री झोपता येईल ना?"