तुम्ही विचारलंत म्हणून: घरी आम्ही कुठली भाषा बोलतो

"मॅडम, तुमचं मराठी एवढं शुद्ध कसं? घरी कुठली भाषा बोलता?"

सतरा वर्षं हा प्रश्न ऐकते आहे. शाळेत बदलून आलेले सर विचारतात, पालक विचारतात, गाडीत शेगावला चढलेल्या बाई विचारतात. दारव्हा तालुक्यातल्या पोरांना मी मराठी शिकवते, त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, आणि तरी माझं मुसलमान नाव कळलं की माझं मराठी हा चमत्कार ठरतो. आजवर मी एकच उत्तर दिलं, "मराठीच बोलतो की." हे सांगताना मी हसायचे. त्या हसण्याबद्दलही सांगायचं आहे, म्हणून थोडं लांबेल.

आधी घरात कोण काय बोलतं ते. सासऱ्यांना आम्ही अब्बा म्हणतो. ते घरात उर्दू बोलतात, पण ती वऱ्हाडातली. 'क्यों' आणि 'काहून' दोन्ही एका वाक्यात येतात. सालदाराशी बोलताना, कापसाच्या भावावरून वाद घालताना ते पक्के वऱ्हाडी. माझे मिस्टर तसेच. मोठी जाऊ, म्हणजे भाभी, आदिलाबादची. पैनगंगा ओलांडली की तिचं माहेर. तिची दखनी 'नक्को' आणि 'हौ'ची, आणि बालमैत्रिणीचा फोन आला की ती तेलुगूत शिरते, मग कुणाला काही कळत नाही. नणंद बुऱ्हाणपूरला दिली आहे, तिची मुलं सुट्टीत हिंदी घेऊन येतात. आमची मुलं गल्लीत "मले", "तुले" करत वाढली.

आणि मी चिपळूणकडची. दाभोळच्या खाडीवरचं गाव, कोकणी मुसलमान. इथल्या वाचणाऱ्या माणसांना ते सांगितलं की लगेच म्हणतात, "म्हणजे समाजसुधारक हमीद दलवाईंकडच्या!" हो, त्यांचं मिरजोळी आमच्यापासून लांब नाही. पण माझ्या आजीनं दलवाईंचं नाव ऐकलं नव्हतं, आणि तिला उर्दूही येत नव्हतं. नमाज अरबीत, बाकी सगळं आयुष्य कोकणीत. माहेरचं आडनाव चौगुले, त्यामुळे लग्नाआधी हा प्रश्न मला कुणी विचारलाच नाही. नाव बदललं, तालुका बदलला, आणि माझी भाषा अचानक खुलासा मागू लागली.

तुम्हाला वाटतं, मुसलमान म्हणजे एकच घर. आमच्याकडे इस्लाम अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आला, म्हणून आम्ही सुन्नींतल्या शाफई पंथाचे. वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाकडे होता, इकडचे बहुतेक हनफी पंथाचे, आणि सोयरिकी हैदराबाद-आदिलाबादकडे. लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात मी नमाजेत रुकूला, म्हणजे वाकायला, जाताना हात वर उचलले. हे पाहून मावससासूबाई स्वयंपाकघरात कुजबुजल्या, "ये अहले-हदीस है क्या?" अहले-हदीस म्हणजे तिसराच पंथ. मी रडले होते. माझ्या आजीच्या आजीनं जशी नमाज पढली तशीच मी पढत होते, आणि इथे तिच्यावर संशय. खेकडे हनफींत चालत नाहीत, म्हणून सासरी सतरा वर्षांत एकदाही रांधले नाहीत. माहेरी गेले की आधी तेच. येताना पिशवीत कोकम आणि सुकट. डब्यातली माणसं नाक मुरडतात, मी खिडकीबाहेर बघते. जाताना इथली तूरडाळ. दारव्ह्याहून यष्टीनं यवतमाळ, तिथून धामणगावला गाडी, रात्रभर कल्याणपर्यंत, मग पुन्हा गाडी बदलून कोकण. अब्बा सांगतात, शकुंतला, ती छोटी नॅरोगेज गाडी, चालू होती तेव्हा ते दारव्ह्याहून तिच्यात बसून मूर्तिजापूर गाठायचे. आता तीही नाही.

आमच्या घरात असर, म्हणजे दुपारनंतरची नमाज, दोनदा होते, हे मात्र तुम्ही कधी विचारलं नाहीत. आम्हा शाफईंत भर दुपारची सावली सोडून सावली वस्तूएवढी लांब झाली की असरची वेळ होते, हनफींत दुप्पट झाली की. मध्ये साधारण तासाभराचं अंतर पडतं. मी आतल्या खोलीत नमाज उरकून चहा टाकते, तेव्हा अब्बा ओट्यावर बसून अजानची वाट बघत असतात. रोज विचारतात, "तेरी हो गई?" ही चौकशी मला आवडायची.

आता त्या हसण्याबद्दल. "तुम्ही अजिबात त्यांच्यासारख्या वाटत नाही हो," असं मला खूपदा सांगितलं गेलं, प्रेमानं. आणि मी हसून ते घेतलं. कधी भाभी शेजारी उभी असायची. तिचं मराठी तुटक आहे, 'ळ' तिला येत नाही. ती 'त्यांच्यासारखी' आणि मी नाही, हे मी तिच्यादेखत मान्य केलं. एकदा तर संत शेख महंमदांचा दाखला देऊन मी स्टाफरूममध्ये छोटं भाषण ठोकलं, मुसलमानांचं मराठी किती जुनं आहे त्यावर. सगळं खरंच होतं. पण ते मी भाभीसाठी बोलत नव्हते, मला वेगळं काढलं जावं म्हणून बोलत होते. तेव्हाची मी म्हणेल, नवीन गावात नोकरी टिकवायची होती, दुसरं काय करणार? तिचंही चूक म्हणवत नाही.

मग जुलै 2021.

21 तारखेला बकरी ईद झाली. संध्याकाळी बाबांशी बोलले, पाऊस फार आहे म्हणाले, खोकत होते. 22 ला सकाळपासून टीव्हीवर चिपळूण पाण्याखाली. वाशिष्ठी बाजारपेठेत शिरलेली, माणसं पहिल्या मजल्यावरून हात हलवताहेत. आमचं गाव उंचावर, म्हणून मी निर्धास्त होते. फक्त फोन लागत नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास भावाचा आला. रेंजसाठी तो टेकडीवर चढला होता. बाबा सकाळी गेले. पुरानं नाही, छातीत दुखलं, आणि दवाखान्यात न्यायला रस्ता नव्हता. असरनंतर माती देणार. एवढं बोलून फोन कट झाला.

मी पिशवी भरली. मिस्टर फोनवर फोन करत होते. कसारा घाटात दरड, गाड्या बंद. चिपळूणजवळ कोकण रेल्वे बंद. मी पिशवी भरतच राहिले. पुढे कित्येक महिने मी सगळ्यांना सांगत होते की पावसानं मला अडवलं. ते खरं नाही. आमच्यात माणूस गेला की त्याच दिवशी दफन, आणि धामणगावहून माझ्या गावी पोचायला एक रात्र आणि अख्खा दिवस लागतो. आभाळ कोरडं असतं तरी मी पोचले नसते. लग्न ठरलं तेव्हा बाबांनी विचारलंही होतं, "एवढ्या लांबून मातीला येशील कशी?" मी बावीस-तेवीसची होते. म्हटलं होतं, गाड्या आहेत की.

भावाचा फोन पुन्हा लागला, मिनिटभरच. मी ओरडत होते, थांबवा, बाबांना ठेवा, मी येते. कोकणीत. इतकी वर्षं त्या घरात जी भाषा मी मोठ्यानं बोलले नव्हते तिच्यात. फोन ठेवला तेव्हा दारात माझी धाकटी मुलगी उभी होती, नऊ वर्षांची. ती घाबरून भाभीला विचारत होती, "मोठी अम्मी, अम्मी काय म्हणून राहिली?" भाभी म्हणाली, "मालूम नै, बेटा."

माझ्या लेकीला माझं रडणं समजलं नाही. दुसरं सगळं सावकाश बोथट झालं, हे झालेलं नाही.

त्यानंतर मी अब्बांकडे गेले. म्हटलं, इथे बाबांची गायबाना नमाज-ए-जनाजा पढा, चार माणसं घेऊन. आमच्यात गैरहजर मयतीची नमाज चालते. अब्बा बराच वेळ खाली बघत राहिले. "अपने में नहीं होती, बेटा. मैं नहीं पढ सकता." एवढंच. मी आत आले आणि एकटी उभी राहिले. पहिल्या तकबीरनंतर, म्हणजे पहिल्या 'अल्लाहु अकबर'नंतर, फातिहा म्हणायची असते, ती दोनदा चुकले. मागे पावलं वाजली. भाभी येऊन शेजारी उभी होती. मी प्रत्येक तकबीरला हात उचलत होते, तिनं तिच्या रिवाजाप्रमाणे पहिल्यालाच उचलले. सलाम फेरून नमाज संपल्यावर ती काही बोलली नाही, मीही नाही. बाहेर आमच्या गावची असरची अजान झाली. तिकडे बाबांवर माती पडून तास उलटून गेला होता.

अब्बांनी मग तीन दिवस चूल पेटू दिली नाही. शेजारच्या काकूंनी भाकरी-पिठलं आणलं, समोरच्यांनी वरण-भात. तिसऱ्या दिवशी अब्बांनी कुरआनख्वानी ठेवली, अख्खा गाव बोलावला, कधी न भेटलेल्या व्याह्यासाठी स्वतः सकाळपासून बसून पारे वाचले. त्यांच्या दीनमध्ये जे बसतं ते सगळं केलं. एक गोष्ट बसत नव्हती, ती केली नाही. मला ते कळतं. मी माझे हात वर उचलणं कुणासाठी सोडलं नाही, मग त्यांनी त्यांचं माझ्यासाठी का सोडावं? रात्री हा हिशेब मी करते आणि तो बरोबर येतो. राग मात्र आहे. त्या दिवशी ते माझ्यामागे नुसते येऊन उभे राहिले असते, काहीही न पढता, तरी चाललं असतं. आणि मग वाटतं, नमाजेत नुसतं उभं राहणं त्यांना खोटं वाटलं असतं.

त्यानंतर मी मुलींना कोकणी शिकवायला बसले. मोठीनं आठवडाभर ऐकलं. धाकटीला "कसा हाय, बरा हाय" एवढं येतं, ते ती मामाला फोनवर म्हणते, आणि पुढे मामा बोलायला लागला की फोन माझ्या हातात देते. तिला तेलुगूचे आकडे मात्र वीसपर्यंत येतात, भाभीनं शिकवले. शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात मिस्टरांनी उर्दू लिहिलं होतं. मी भांडून मराठी करून घेतलं. भाभी तिथेच मेथी निवडत होती. म्हणाली, "माँ की जुबान लिखना हैना? तो तेरी कोकनी लिख." क्लार्क म्हणाले, ते वेगळं नसतं, मराठीतच येतं. येतही असेल. वर्गात मी शिकवते ती भाषा मी शाळेत शिकले. बाबांशी ती कधीच बोलले नाही.

घरी कुठली भाषा बोलता, असं पुन्हा विचारलंत तर मी बहुधा पुन्हा "मराठीच" म्हणेन, घंटा झालेली असेल, तास घ्यायचा असेल. हसणार मात्र नाही. आणि भाभी शेजारी असेल तर तिलाही विचारा. तिच्याकडचं उत्तर माझ्याहून लांब आहे.

अब्बा आता थकलेत. ओट्यावरून अजून विचारतात, "तेरी हो गई?" मी आतून "हो गई" म्हणते, आणि त्यांचा चहा तासभर थांबवून ठेवते.