गणितात दोन आणि महिन्याला पगार

ऑगस्टात पुण्यात होतो, तेव्हा कोथरूडच्या घरी येणारा प्रत्येक जण लेकाला एकच विचारायचा, "दहावीला किती?" आम्ही राहतो त्या जर्मनीत एक म्हणजे सर्वांत उत्तम आणि सहा म्हणजे नापास. त्यानं आपलं सरळ सांगितलं, "गणितात दोन." आत्यानं कप बशीत ठेवला. "बरं, आता पुढे काय?" तर म्हणे, सप्टेंबरपासून कामाला जाणार. मग ती माझ्याकडे वळली. "अगं, तिकडे सगळं ठीक आहे ना तुमचं?"

ठीक आहे गं आत्या. पण पाहुण्यांच्या गराड्यात ते सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. इथे दहावीनंतर बरीच मुलं आउसबिल्डुंग करतात, म्हणजे कंपनीत पगारी काम करत शिकतात. त्यात आधी कॉलेज शोधायचं नसतं, कंपनी शोधायची असते. लेकानं अर्ज केले, मुलाखती दिल्या. करार झाला तेव्हा तो सोळाचा, त्यामुळे आम्हा दोघांच्याही सह्या लागल्या. मेकाट्रॉनिक्सचं (यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) हे शिक्षण साडेतीन वर्षांचं. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, उरलेले व्यवसायशाळेत, आणि शाळेच्या दिवसाचाही पगार मिळतो. २०२० पासून इथे शिकाऊ मुलांचं किमान वेतन कायद्यानं ठरलंय. २०२५ मध्ये सुरुवात करणाऱ्याला पहिल्या वर्षी महिन्याला किमान ६८२ युरो. पुढे दरवर्षी वाढ. अठराच्या आतल्या मुलाकडून आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच. शेवटची परीक्षा कंपनीही घेत नाही आणि शाळाही नाही. ती घेतं उद्योग-व्यापार मंडळ. त्यामुळे कागद देशभर चालतो, उद्या साहेबाशी बिनसलं तरी. पुढे माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन उस्ताद कारागीर, झाला, तर विद्यापीठाचं दारही उघडं.

सगळं गोडगोड आहे असंही नाही. चारातल्या एकाहून जास्तच करार मुदतीआधी मोडतात. आणि कोणतं मूल कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार, हे इथे चौथीनंतरच ठरायला लागतं, ते मला आजही पचलेलं नाही. शिवाय पहाटे साडेपाचला त्याला उठवणं हा माझ्याच वाट्याचा जॉब झालाय, बिनपगारी.

पुण्याला हे नवं वाटावं, याचंच मला नवल वाटतं. 'कमवा आणि शिका' हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलं, आपल्या पुणे विद्यापीठात त्यांच्या नावानं योजना आहे. शिकाऊ उमेदवारांचा आपला कायदा १९६१ चा, जर्मनीचा व्यवसायशिक्षण कायदा १९६९ चा. पण आपल्याकडे 'कमवा' म्हटलं की आधी घरची अडचण डोळ्यांपुढे येते. मुलगा हुशार असून कामाला जातो, हे वाक्य आत्याच्या कानाला जुळतच नव्हतं.

माझे बाबा औंधच्या आयटीआयचे फिटर, नंतर पिंपरीत अप्रेंटिस. लग्नकार्यात कुणी विचारलं की "कंपनीत आहे" एवढंच सांगायचे. माझ्या हाती लोखंड घासायची कानस येऊ नये, म्हणून ओव्हरटाइम करून त्यांनी मला इंजिनीअर केलं. त्या दिवशी दिवाणखान्यात ते एकटेच काही बोलले नाहीत. मला वाटलं, नातवावर नाराज आहेत.

ऑक्टोबरात लेकानं त्यांना व्हिडिओ कॉल लावला. लाखोंची यंत्रं असलेल्या कारखान्यात पहिले काही आठवडे त्याला एकच काम होतं: लोखंडाचा तुकडा हातानं कानशीनं घासून सपाट करायचा. कंटाळला होता. तळहाताला फोड आले होते.

"जॉब दाखव," बाबा म्हणाले. फिटरच्या भाषेत जॉब म्हणजे हातातला तुकडा. त्यानं दाखवला. "असा नाही. त्यावर गुण्या लाव आणि खिडकीच्या उजेडाकडे धर. फटीतून उजेड दिसतोय?"

"थोडासा. एका कोपऱ्यात."

"मग घास अजून. आणि कानस पुढे जाताना दाब, मागे घेताना नाही."

मी फोन टेबलावर उभा करून ठेवला आणि स्वयंपाकघरात आले. पाऊण तास दोघं बोलत होते.