साधी गोळी, एस.आर. गोळी आणि औषधाची खिडकी

शुगरसाठी मेटफॉर्मिन सुरू झाली तेव्हा ५०० ची होती, तोवर निभावलं. १००० झाल्यावर मात्र आंबट ढेकर, छातीत जळजळ, सकाळी मळमळ, सगळंच मागे लागलं. डॉक्टरांनी आधी ईसीजी काढायला लावला. मधुमेह्यांना हृदयाचं दुखणं कधीकधी नुसती जळजळ म्हणूनच जाणवतं. घाम येतोय, दम लागतोय, जबडा किंवा हात दुखतोय, तर ॲसिडिटी समजून घरी सोडा पीत बसू नका, दवाखाना गाठा. माझा ईसीजी ठीक होता, क्रिएटिनिन म्हणजे किडनीची रक्ततपासणीही ठीक. "साधी बंद करू, एस.आर. देतो, रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या," म्हणाले. एस.आर. म्हणजे 'सस्टेन्ड रिलीज', या गोळीतून औषध हळूहळू सुटतं, त्यामुळे बऱ्याच जणांच्या पोटाला ती सोसते. औषध तेच.

या 'औषध तेच'नेच पुढे माझा जीव खाल्ला.

यांच्या नोकरीमुळे आम्हाला पेन्शनरांच्या दवाखान्यातून औषधं मोफत मिळतात. खिडकीवरच्या मुलाने चिठ्ठी बघितली न बघितली आणि साध्या मेटफॉर्मिनच्या स्ट्रिपा पुढे सरकवल्या.

"अरे, एस.आर. लिहिलंय."

"एस.आर. स्टॉकला नाही काकू. हीच घ्या, सेम आहे."

"सेम असती तर डॉक्टरांनी बदलली कशाला असती?"

त्यावर त्याने माझ्यामागच्या माणसाची चिठ्ठी घेतली.

आमच्याकडे पद्धत अशी, की औषध नसेल तर चिठ्ठीवर एन.ए.चा, म्हणजे 'नॉट अव्हेलेबल'चा, शिक्का मारून घ्यायचा, बाहेरून आणायचं आणि बिल लावायचं. मी शिक्का मागितला. तर कॉम्प्युटरवर मेटफॉर्मिन 'अव्हेलेबल' दिसतंय, मग एन.ए. कसं मारणार? म्हणजे एस.आर. द्यायला नाही, आणि 'नाही' असं लिहून द्यायलाही तयार नाहीत! आतल्या मोठ्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, डॉक्टरांकडून कारण लिहून आणा. आमचे डॉक्टर ठरावीक वारीच येतात, त्या वारी नेमके रजेवर. बदलीवर आलेल्या मॅडम म्हणाल्या, तुम्ही माझ्या पेशंट नाही, मी कसं लिहू? पुन्हा खिडकी. पुन्हा तोच मुलगा, पुन्हा 'सेम आहे'.

घरी माझा मुलगा म्हणाला, "आई, सोड ना, मी आणून देतो." पैशांचा प्रश्न नव्हताच. जनऔषधी केंद्रात एस.आर. स्वस्तात मिळते, मधल्या काळात मी तीच घेत होते. पण रांगेत माझ्यापुढचे एक आजोबा त्या साध्या स्ट्रिपा पिशवीत टाकताना म्हणाले, "पोटात आग पडते हो, म्हणून मी एक दिवसाआड घेतो." डॉक्टरांना सांगितलंत का, विचारलं, तर नाही. मग मी ठरवलं, शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही.

शेवटी डॉक्टर भेटले. त्यांनी शांतपणे लिहिलं: साध्या मेटफॉर्मिनने पोटाचा त्रास होतो, एस.आर.च द्यावी, बदलून देऊ नये. खाली सही-शिक्का. त्यावर मेडिकल ऑफिसरची सही, आणि मग कुठे तो एन.ए.! तुमच्यावर अशी वेळ आली तर 'बदलून देऊ नये' हे शब्द पहिल्याच चिठ्ठीत लिहून घ्या. खिडकीशी वाद घालण्यात अर्थ नाही, खिडकीला कागद लागतो.

गोळीचं म्हणाल तर फरक पडला, एका रात्रीत नाही पण पडला. ती तोडायची किंवा चावायची नाही. कधी शौचात गोळीचं टरफल दिसतं, घाबरू नका, औषध आत गेलेलं असतं. स्ट्रिपवर एस.आर.ऐवजी 'प्रोलाँग्ड रिलीज' किंवा 'एक्सटेंडेड रिलीज' असेल तर तीही हळू सुटणारीच, खात्रीसाठी केमिस्टला विचारा.

सोबत ॲसिड कमी करणारी पँटोप्राझोल होती, सकाळी अनशापोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. चहानंतर आठवण झाली म्हणून घेतली तर तिचा तेवढा उपयोग होत नाही. मला थोडेच आठवडे दिली. पण माझ्या जावेच्या चिठ्ठीवर ती वर्षानुवर्षे तशीच उतरवली जातेय, कोणी विचारत नाही. मेटफॉर्मिन आणि पँटोप्राझोल दोन्ही दीर्घकाळ घेतल्या तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. त्यानेही पायाला मुंग्या येतात, पण सगळे शुगरलाच दोष देतात. तिला बी-१२ तपासायला लावलं. कमीच निघालं.

घरगुती उपाय सांगणारे भरपूर भेटतील. गुलकंद, मोरावळा, कोकमाचं बाटलीतलं सरबत, सगळ्यात साखर. ॲसिडिटीचं सिरपही शुगर-फ्री बघूनच घ्या. सोड्याच्या पुड्यांत सोडियम भरपूर, बीपी असेल तर जपून. मला खरा आराम पडला तो रात्रीचं जेवण आठच्या आत घेतल्याने आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्याने. यांची मान धरली म्हणून दोन दिवस कुरकुर झाली, मग सवय झाली.

हो, डॉक्टरांच्या त्या सही-शिक्क्याच्या कागदाची झेरॉक्स रंगीत काढा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर शिक्का खरा वाटत नाही म्हणून मला पुढच्याच महिन्यात परत पाठवलं होतं.