फुली हलायली की!

शनिवारी सकाळी वीस मीटरवर पाच छर्रे दहाच्या नाण्याखाली झाकले गेले. स्प्रिंगची एअरगन तीच, छर्रे तेच, आणि मागच्या नोंदीत ज्याला भंगारात घालायला निघालो होतो तो ४×३२ स्कोप (चारपट दाखवणारी, ३२ मिलिमीटर काचेची, आत नेमाची फुली असलेली दुर्बीण) सुद्धा तोच. कागद फ्रिजवर लावायला घरातून परवानगी मिळाली नाही, म्हणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. रोज शर्ट काढताना दर्शन होतं.

दिवाळीपासूनचं रडगाणं तुम्ही ऐकलंच आहे. ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छर्‍यांचा पसारा, पाच सेंटिमीटरच्या आत यायला तयार नव्हता. गड्ड्याच्या जत्रेतली फुगे फोडायची वाकड्या नळीची बंदूकसुद्धा यापेक्षा बरी म्हणायची. पहिला संशय माउंटवर (स्कोपला बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या पकडीवर) होता आणि तो खोटा नव्हता. स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका दुहेरी: पिस्टन सुटताना बंदूक मागे येते, आणि पिस्टन टोकाला हवेच्या गादीवर थडकला की पुढे झेपावते. त्या हिसक्याने जुनं माउंट बंदुकीवरच्या ११ मिलिमीटरच्या रेलवर (ते बसतं त्या पट्टीवर) मागे मागे सरकत होतं. स्टॉप पिनचं (सरकू न देणाऱ्या खिळीचं) माउंट घेतलं, रेल पेट्रोलने पुसली, पेन्सिलने रेघ मारली. सरकणं थांबलं, ग्रुप जिथल्या तिथे. मग दस्त्याचे स्क्रू आवळले, नळी साफ केली, आणि शेवटी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर दोनशे छर्रे तोलून वेगळे केले. तो सराफ अजून माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतो. ग्रुपला काडीचा फरक नाही.

गाठ सोडवली ती दाजींनी. मंगळवेढा रस्त्यावरच्या त्यांच्या शेतात शेडमागे माझी रेंज आहे. मातीने भरलेली लाकडी पेटी आणि तिच्यामागे सैल टांगलेली जुनी सोलापुरी चादर. (चुकार छर्रा चादरीत अडकून खाली पडतो. ताणून बांधू नका, सैलच हवी.) हुरड्याला सगळे जमले होते. बंदूक ज्वारी भरलेल्या पिशवीवर तशीच टेकवलेली. दाजी ओणवे झाले, दस्त्याला हात न लावता स्कोपमधून बघत टोपी सावरली आणि म्हणाले, "अरे, फुली हलायली की."

मी म्हटलं, "दाजी, तुम्हीच हलताय."

"मी हलतोय, बंदूक कुठं हलतीय? मग फुली का फिरायली?"

हुरडा तिथेच थंड झाला. बंदूक पिशवीत घट्ट रोवली आणि डोकं डावीकडून उजवीकडे नेत बघत बसलो. दहा मीटर एअर रायफलच्या कागदावरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा. फुली त्याच्या एका काठापासून जवळजवळ दुसऱ्या काठापर्यंत भटकून येत होती. अंदाजे २५ मिलिमीटर. माझा ग्रुप बिघडवायला तेवढं पुरे होतं.

पॅरॅलॅक्स: डोळा सरकला की फुलीही निशाणावरून सरकल्यासारखी दिसते, ते. शब्द आपण सगळेच वापरतो, मीही वापरला होता, पण तो माझ्याच डोळ्यापुढे नाचतोय हे कळलं नाही. खोक्यावर हरणाचं चित्र आहे आणि बारीक अक्षरात १०० यार्ड छापलंय, म्हणजे तेवढ्याच अंतरावर फुली हलत नाही, ते मी कधी वाचलंच नव्हतं. हा स्कोप परदेशातल्या शिकाऱ्यासाठी, लांबवरच्या हरणासाठी जुळवलेला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याचे आपण शेजारी. कागद आणि रिकामे डबे एवढंच आपलं सावज. म्हणजे ९१ मीटरसाठी बसवलेली काच मी वीस मीटरवर वापरत होतो. हिशेब सोपा आहे: काचेचा अर्धा व्यास १६, गुणिले (९१ वजा २०) भागिले ९१. साडेबारा मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी धरले तर २५. दाजींची फुली आणि हा आकडा तंतोतंत जुळले तेव्हा अंगावर काटा आला.

आता माझी जुनी बढाई मागे घेतो. ३२ भागिले ४ म्हणजे ८ मिलिमीटरचा एक्झिट प्युपिल (मागच्या काचेतून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाची गोल खिडकी), डोळा कुठेही ठेवा, चित्र पूर्ण दिसतं, म्हणून फिक्स्ड चारपट उत्तम, असं मी लिहिलं होतं. गोम नेमकी तिथेच. दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची. आठच्या खिडकीत ती कुठेही फिरू शकते आणि चित्र काळं पडत नाही, त्यामुळे आपण चुकीच्या जागी आहोत हे कळतच नाही. त्यात माझा दस्ता उघड्या साइटच्या (नळीवरच्या नेमाच्या खुणेच्या) उंचीचा. स्कोप बसवल्यावर गाल टेकतच नव्हता, हनुवटी टेकत होती. दर छर्‍याला डोकं नव्या जागी.

आणखी एक गाढवपणा कबूल करतो. वीस मीटरवर कागद जरा धूसर दिसायचा म्हणून मी मागची आयपीस फिरवून तो "साफ" करत होतो. आयपीस फुलीसाठी असते. मोकळ्या आभाळाकडे धरायची, फुली काळी कुळकुळीत दिसली की सोडून द्यायची.

खात्रीसाठी आधी फुकटचा उपाय केला. काळ्या कार्डशीटला १६ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि पुढच्या काचेवर लावलं. काच निम्मी, भटकणं निम्मं. उजेड कमी होतो, पण ४ मिलिमीटरचा एक्झिट प्युपिल सोलापूरच्या उन्हाला कमी पडायचा प्रश्नच नाही. ग्रुप लगेच साडेतीन सेंटिमीटरवर आला. तेव्हा ठरवलं की स्कोप उघडायचा.

पुढची शोभेची रिंग हाताने निघाली. आतली, काच धरून ठेवणारी रिंग निघेना. पक्कड लावू नका, एक घसरली की काचेवर कायमची रेघ. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला, बोटांवर ताणून काचेच्या कडेला दाबला आणि फिरवलं. करकर आवाज करत सुटली. काच बाहेर आली की फोकस जवळ येतो. जेमतेम एक फेरा पुरला. पाव फेरा फिरवायचं, बंदूक पिशवीवर ठेवायची, डोकं हलवायचं, पुन्हा पाव फेरा. चौथ्या वेळी फुली काळ्या गोलाला खिळ्यासारखी चिकटली. डोकं कितीही हलवा, हलेना. दाजींना बोलावून दाखवलं. "आता बरी हाय," एवढंच म्हणाले.

किंमतही मोजली. झिरो (नेम आणि छर्रा जुळायची जागा) डावीकडे चार सेंटिमीटर सरकला, कारण काच फिरवली की केंद्रही थोडं फिरतं. नेम जुळवायच्या चकतीची पाव एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक वीस मीटरवर साधारण दीड मिलिमीटर, म्हणजे २८ क्लिक. बोटांची कातडी गेली. शिवाय काच आतून धुरकट होऊ नये म्हणून भरलेला नायट्रोजन आता नायट्रोजन राहिला नसेल. पावसाळ्यात काच आतून घामेजली तर तेव्हा सांगेन.

ज्याने हा स्कोप "एअरगन स्पेशल" म्हणून विकला त्याला फोन केला होता. "सर, सगळे स्कोप सारखेच असतात." दुकानाचं नाव घेत नाही. पण घेताना एकच विचारा: पॅरॅलॅक्स किती मीटरवर? उत्तर नाही आलं तर पुढचं दुकान. ३-९ झूमच्या मोहातही पडू नका. स्वस्तातल्या झूममध्ये पट बदलली की नेम सरकतो, आणि हलणारे भाग जितके जास्त तितके स्प्रिंगच्या हिसक्याने सुटणार.

पुढचा बेत ६×४२ चा होता, पैसेही बाजूला काढले होते. पण वरचा हिशेब लिहिता लिहिता ४२ चा आकडा घालून बघितला: २१ गुणिले तेच. साडेसोळा मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी तेहेतीस. मोठी काच घेऊन मी रोग वाढवून घेतला असता! तो बेत रद्द. त्याऐवजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर काम करणारा एक दोस्त आहे, त्याच्याकडून १६ च्या भोकाची अॅल्युमिनियमची रिंग करून घेतो. वीसला जुळवलेला फोकस आणि वर ही रिंग असली की दहा मीटरवर चूक ४ मिलिमीटर, तीसलाही ४. चालेल.

गालासाठी चादरीचीच पट्टी दुमडून दस्त्यावर बुटाच्या नाडीने बांधलीय. दिसते गबाळी, पण गाल दर वेळी त्याच जागी बसतो.

पॉइंट २२ (५.५ मिलिमीटर नळीची बंदूक) घेऊ का, असं दोघांनी विचारलंय. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी ४.५ मिलिमीटरच्या वर किंवा ताकद २० ज्यूलच्या वर गेली की परवाना लागतो. मी पॉइंट १७७ वरच (म्हणजे ४.५ मिलिमीटर) आहे.

रिंग होईपर्यंत कार्डशीटचं टोपण रबरबँडवर आहे. दाजींच्या धाकटीने त्या भोकाभोवती पापण्या काढल्यात. समोरून बघितलं तर बंदूक आपल्याकडे डोळे वटारून बघते.