रेझिस्टर उभा का राहतो?

रिफ्लो ओव्हनमधून, म्हणजे सोल्डर वितळवून पार्ट जोडणाऱ्या भट्टीतून, बोर्ड बाहेर आला की ०४०२ आकाराचा एखादा रेझिस्टर एका टोकावर ताठ उभा दिसतो. याला टूमस्टोनिंग म्हणतात. बहुतेक जण लगेच ओव्हनचं तापमान बदलायला घेतात. माझं म्हणणं असं की आधी पॅड (पार्टचं टोक जिथे बसतं ती बोर्डावरची तांब्याची जागा) बघा, मग पेस्ट (सोल्डरची लेई), आणि ओव्हन सगळ्यात शेवटी.

०४०२ म्हणजे १ मिमी लांब, अर्धा मिमी रुंद. दोन्ही पॅडवरची पेस्ट एकदम वितळली तर ओढ दोन्हीकडून सारखी बसते आणि किंचित वाकडा ठेवलेला पार्टही आपोआप सरळ होतो. एक बाजू आधी वितळली तर तिथल्या सोल्डरचा पृष्ठताण पार्टला उभा करतो, कारण दुसरं टोक धरून ठेवायला काहीच नसतं.

एक बाजू मागे का राहते? बहुधा तो पॅड थेट ग्राउंडच्या तांब्यात बुडालेला असतो आणि तांबं त्याची उष्णता ओढून नेतं. लेआउटमध्येच थर्मल रिलीफ द्या, म्हणजे पॅड ग्राउंडला सलग न जोडता बारीक पट्ट्यांनी जोडा: ०.२ ते ०.२५ मिमीच्या चार पट्ट्या पुरतात. जास्त करंटच्या पॅडला मात्र हे करू नका.

पेस्ट दोन्ही पॅडवर सारखी पडायला हवी. स्टेन्सिल (पेस्ट लावायचा छिद्रांचा पत्रा) ०.१ किंवा ०.१२ मिमी जाडीची घ्या आणि खालची बाजू अधूनमधून पुसा, नाहीतर छिद्रं अर्धवट बुजतात. फ्रिजमधली पेस्ट वापरण्याआधी चारेक तास बाहेर काढून ठेवा, पण झाकण उघडू नका. गार पेस्टवर हवेतलं पाणी धरतं, पावसाळ्यात तर हमखास, आणि मग बोर्डभर सोल्डरचे बारीक मणी उडतात.

एवढं करूनही पार्ट उभे राहिले तर ओव्हनकडे वळा. एसएसी३०५ हे बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांपासून वितळू लागतं. तिथवर सावकाश, सेकंदाला साधारण एक अंश, चढवा म्हणजे दोन्ही पॅड बरोबरीने तापतात. शिखर २४० ते २४५ अंश. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बोर्डावरच चिकटवा. ओव्हनच्या हवेचं तापमान फसवं असतं.

उभा राहिलेला रेझिस्टर फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावायचं रसायन) लावून हॉट एअरने बसवता येतो. सिरॅमिक कपॅसिटर असेल तर काढून नवाच लावा. सोल्डरिंग आयर्नचं टोक थेट टेकवलं की त्याला आतून तडा जाऊ शकतो. तो वरून दिसत नाही, आणि पुढे कधीतरी तोच कपॅसिटर शॉर्ट होतो.