आमची वाटचाल : आधी उघडून बघू, मग दर सांगू

आमच्या फर्मची सुरुवात रंगकामापासून झाली. मी, माझा धाकटा भाऊ, वडिलांच्या ओळखीतले एक मुरलेले गवंडी आणि हाताखाली दोन-चार पोरं. भिंत घासायची, लांबी (पुट्टी) भरायची, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. काम वेळेत आणि स्वच्छ होतं म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे नाव जात राहिलं. आज मात्र आमच्याकडे येणारी बहुतेक कामं वेगळ्याच जातीची असतात. कुणीतरी हौसेनं जुनं घर घेतलेलं असतं, आधीच्या मालकानं ते 'पूर्ण नवं करून' दिलेलं असतं आणि काही महिन्यांत त्याचे रंग दिसायला लागतात. ते आधीचं काम उकलायचं आणि नीट करायचं, हाच आता आमचा मुख्य धंदा. हे वळण एका घरामुळे आलं, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो.

घर जाड विटांच्या भिंतींचं, चुन्यातलं, वरचा मजला लाकडी तुळयांवर. आत शिरल्यावर कुणालाही आवडेल असं. गुळगुळीत भिंती, फॉल्स सीलिंगमध्ये दिवे, चकचकीत टाइल. नव्या मालकांची तक्रार एवढीच होती की हॉलच्या एका कोपऱ्यात रंग सुटतोय, तेवढा हात मारून द्या.

आमच्या गवंडीकाकांनी थापीच्या मुठीनं भिंत ठोकत नेली. कोपऱ्यापासून बरंच पुढेपर्यंत बद्द आवाज येत होता. एका जागी छिन्नी लावली तर गिलाव्याचा भलामोठा पापुद्रा निघून हातात आला. त्याच्या पाठीला विटेचा पृष्ठभागच चिकटून आला होता. मागे उरलेली वीट बोटानं खरवडली तरी पावडर होत होती आणि तिच्यावर क्षाराचा पांढरा थर होता.

चुन्यातल्या भिंतीवर कुणीतरी जाडजूड सिमेंटचा गिलावा चढवला होता आणि त्यावर प्लास्टिक पेंट. चुन्याची भिंत ओल घेते आणि बाहेर सोडते, तिचं सगळं आरोग्य त्या देवघेवीवर असतं. पोर्टलँड सिमेंटचं पेटंटच १८२४ सालचं. त्याच्या आधी आणि त्यानंतरही कितीतरी काळ भिंती चुन्यात उभ्या राहत होत्या. अशा भिंतीचं तोंड सिमेंटनं बंद केलं की पाणी आत कोंडतं, क्षार गिलाव्यामागे स्फटिक धरतात आणि मऊ वीट आतून फुटते. वरून मात्र भिंत सुरेख दिसत राहते.

पण एवढं पाणी येत कुठून होतं? कोपऱ्याच्या बरोबर वर बाथरूम होतं. तिथे जुन्या टाइलवरच नव्या टाइल चिकटवलेल्या, अर्ध्याअधिक पोकळ. फरशीचा उतार जाळीकडे असायला हवा, तो दरवाजाकडे होता. नहाणीच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भागात, साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं, तेच गटाराचा वास अडवतं. इथे ट्रॅप नव्हताच, पाइप सरळ खाली गेलेला. वॉटरप्रूफिंगचा पत्ता नाही. फरशीखाली मुरलेलं पाणी पाइपाच्या कडेनं उतरत थेट तुळईवर जात होतं.

फॉल्स सीलिंगचा एक चौकोन कापून भावानं टॉर्च आत घातला आणि मला नुसतं "वर ये" म्हणाला. सांडपाण्याचा पाइप बसत नव्हता म्हणून कुणीतरी तुळईला खालून खाच मारली होती, तीही ऐन मध्यावर आणि जवळजवळ अर्ध्या जाडीपर्यंत. तुळईवर भार आला की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. सगळ्यात जास्त ताण मधल्या भागातच असतो. नेमकं तिथलं लाकूड काढलं होतं आणि उरलेलं पाण्यानं कुजलं होतं. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. आमचे सुतार खालून बघत होते, ते म्हणाले, "वरून कीर्तन, आतून तमाशा."

त्याच संध्याकाळी जॅक आणि टेकू लावून तुळई उचलून धरली, बाथरूमला कुलूप घातलं आणि घरच्यांना पलीकडच्या खोल्यांत हलवलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. असे निर्णय आम्ही आमच्या अंदाजानं घेत नाही.

वायरिंगचं सांगायचं तर तेही तसंच. सीलिंगच्या वर जॉइंट हातानं पिळून टेप गुंडाळलेले, जंक्शन बॉक्स एकही नाही. जुन्या अॅल्युमिनियमच्या तारेला नवी तांब्याची तार जोडलेली. असा जॉइंट हळूहळू सैल होतो आणि तापतो. गीझरला १.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर आणि तिच्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. एमसीबीचं काम वायर तापायच्या आत पडण्याचं. इथे वायर जळाली असती तरी तो जागचा हलला नसता. सॉकेट तीन पिनांची होती, पण अर्थिंगची वायर मागे कापून दुमडून ठेवलेली.

घरातल्या ताईंना सगळे फोटो दाखवले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादा, मग आम्ही विकत घेतलं तरी काय?"

आधीच्या मालकाबद्दल मी त्यांच्यासमोर काही बोललो नाही. पैसे कमी पडले म्हणून स्वस्तात काम उरकणारी माणसं आम्ही खूप पाहिली आहेत, त्यातले कित्येक स्वतःच फसलेले असतात. पण खचलेली तुळई दिसत असताना तिच्याखाली नवं सीलिंग ठोकून घर विकायचं, याला माझ्याकडे माफी नाही. त्या छताखाली लहान मुलं झोपत होती.

कुजलेला भाग काढून तुळईला दोन्ही बाजूंनी नवं लाकूड बोल्टनं आवळलं, बाथरूम खालपासून नव्यानं केलं, वायरिंग बदललं. भिंतीचं सिमेंट उतरवून ती सुकू दिली आणि मग चुन्याचा गिलावा केला. या शेवटच्या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. पातळ थर द्यायचा, थांबायचं, ओलावा राखायचा, मग पुढचा थर.

त्यानंतर आम्ही नुसतं बघून दर देणं बंद केलं. आधी मालकाच्या संमतीनं चार-दोन जागी उघडतो, फोटो काढतो, मगच अंदाजपत्रक. भेग दिसली तर तिच्यावर काचेची पट्टी चिकटवतो आणि तारीख लिहून ठेवतो. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. नवं बाथरूम टाइल लावायच्या आधी पाणी कोंडून किमान २४ तास ठेवतो आणि खाली जाऊन छत तपासतो. जे जे झाकलं जाणार, त्याचे फोटो फाइलमध्ये लावून मालकाच्या हाती देतो.

यामुळे गिऱ्हाइकं तुटली. "रंगाला बोलावलं, तुम्ही भिंत फोडायला निघालात," असं तोंडावर ऐकलं. मधला काळ ओढाताणीचा गेला. भाऊ आणि मी जेवताना यावरूनच वाद घालायचो. त्याचं म्हणणं, रंगाची कामं सोडू नयेत, पोरांचे पगार त्यावर चालतात. त्याचं बरोबर होतं, म्हणून ती आजही घेतो. पण ओल असलेल्या भिंतीवर रंग मारत नाही, यावर दोघांचं एकमत आहे.

गवंडीकाका आता परांचीवर चढत नाहीत. चुना भिजवून मुरवायचा किती, वाळू कोणती, हे ते खाली बसून नव्या मुलांना शिकवतात. चुन्याचा हात असलेले कारागीर मिळणं अवघड झालंय, त्यामुळे त्या वेळेचा पगार आम्ही मुलांना पूर्ण देतो.

अलीकडे घर घेण्याआधीची तपासणीही आम्ही स्वतंत्र काम म्हणून घेऊ लागलो आहोत. घेऊ नका, असं क्वचितच सांगावं लागतं. काय उघडावं लागेल आणि कोणत्या क्रमानं, ते लिहून देतो: धोक्याचं वायरिंग आधी तोडायचं, मग पाणी थांबवायचं, मग लाकूड आणि भिंती. तो कागद हातात घेऊन लोक विकणाऱ्याशी बोलायला बसतात.