चौथ्या रिळातल्या माश्या

"तो म्हातारा हवेत हात कशाला मारतोय?"

आमच्या क्यूसीच्या, म्हणजे झालेलं काम तपासणाऱ्या, मॅडमनी हे विचारलं तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते आणि माझा चहा कपात तसाच होता. त्यांनी शॉट पुन्हा लावला. धुळीने भरलेला चौक, पुढे हीरो, मागे भिंतीला टेकून बसलेले पाचसहा गावकरी. त्यातला कडेचा म्हातारा एकदम नाकासमोर हात झटकतो, शेजारचा त्याच्याकडे बघून हसतो. समोर काहीही नाही. भूतबाधा झाल्यासारखं.

"एक्स्ट्रा आहे हो, काहीतरी करत असेल," मी म्हणालो.

"मूळ स्कॅन लाव."

लावला. म्हाताऱ्याच्या नाकावर माशी होती. मी ती पुसून टाकली होती. म्हणजे सॉफ्टवेअरने पुसली होती, पण शिफ्टच्या शीटवर सही माझी.

जुन्या चित्रपटांवरची धूळ, ओरखडे, केस काढणं हा माझा धंदा. फिल्म परदेशात स्कॅन होते, हार्डडिस्क अंधेरीला येते आणि आम्ही अंधाऱ्या खोलीत बसून फ्रेममागून फ्रेम साफ करतो. आई नातेवाइकांना सांगते, "तो सिनेमे पुसतो." इतकी नेमकी व्याख्या आमच्या एचआरलाही जमलेली नाही. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दीड तासाच्या चित्रपटाच्या १,२९,६००. एवढ्या हाताने होत नाहीत, म्हणून पहिला हात सॉफ्टवेअर मारतं, उरलेलं आम्ही.

हा चित्रपट १९६० च्या दशकात स्पेनमध्ये काढलेला काउबॉयपट. नाव करारामुळे सांगता येत नाही, आणि सांगून फारसं कुणाला कळणारही नाही. अशा चित्रपटांना सगळे इटलीच्या शेवयांवरून 'स्पॅगेटी वेस्टर्न' म्हणतात आणि श्रेय इटलीच्या खात्यावर जमा होतं. मला हे पटत नाही. इटालियन दिग्दर्शक सेर्जिओ लिओनेने १९६४ मध्ये आपला पहिला वेस्टर्न केला तेव्हा माद्रिदजवळच्या ओयो दे मांथानारेसमधलं लाकडी गाव आधीच उभं होतं, झोरो या मुखवटेधारी तलवारबाजाच्या चित्रपटांसाठी बांधलेलं. होआकिन रोमेरो मार्चेंतसारखे स्पॅनिश दिग्दर्शक त्याच्याआधीपासून घोडे पळवत होते. पैसा दोन-तीन देशांचा, पण माती, ऊन, सुतार, घोडे आणि गर्दी बरेचदा स्पेनची. दक्षिणेत अल्मेरियाजवळ ताबेर्नासचं ओसाड रान आहे, ते पडद्यावर टेक्सासही व्हायचं आणि मेक्सिकोही. अमेरिका घरच्या घरी.

दीड महिना फ्रेम-फ्रेम बघत बसलं की चित्रपटाची गरिबी अशी दिसते की प्रेक्षकाला ती कधीच दिसणार नाही. आमच्या चित्रपटात एक माणूस तीनदा मरतो. बँकेच्या दरोड्यात छपरावरून पडतो, पुढे दरीत घोड्यावरून पडतो, शेवटी दारूच्या गुत्त्यात टेबलावर पडतो. टोपी बदलली, मिशी लावली, पण गळ्यातला लाल रुमाल तोच. मी त्याला 'अमर' नाव ठेवलं होतं. गुत्ता आणि शेरीफचं ऑफिस ही एकच खोली. खिडकीच्या चौकटीतली फट दोन्हीकडे सारखी, फक्त बाटल्यांच्या जागी बंदुका टांगलेल्या. ओठ तर विचारूच नका. एकाचे स्पॅनिश हलतात, दुसऱ्याचे इटालियन. आवाज सगळा नंतर डबिंगमध्ये भरायचा, त्यामुळे सेटवर कोण कुठल्या भाषेत बोललं याला महत्त्वच नाही.

कॅमेऱ्यातल्या काटकसरीची गोष्ट मला आमच्या काकांनी सांगितली. काकांनी उभी हयात मुंबईच्या लॅबमध्ये निगेटिव्ह कापण्यात घालवली, आता आठवड्यातून दोन दिवस सल्ला द्यायला येतात. हे चित्रपट बरेचदा टेक्निस्कोप नावाच्या पद्धतीने निघायचे. नेहमीच्या ३५ मिमी फिल्मवर एक फ्रेम कडेच्या चार छिद्रांच्या उंचीची, इथे दोनच छिद्रांची. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं ते बावीस मिनिटं चालायचं. महागड्या लेन्सशिवाय रुंद पडदा मिळायचा, फिल्मचा खर्च निम्मा. काका म्हणाले, "हाफ तिकिटात फुल प्रवास. पण हाफ तिकिटावर सीट मिळत नाही." म्हणजे काय, तर दोन फ्रेममध्ये जागाच उरत नाही. कॅमेऱ्याच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म जिथून सरकते त्या चौकटीत, अडकलेला केस इकडच्या फ्रेममधून तिकडच्या फ्रेममध्ये डोकावतो, निगेटिव्हचा जोड प्रत्येक कटला दिसतो. आमचे निम्मे दिवस हे जोड लपवण्यातच गेले.

मग माश्यांचं काय झालं?

पाच रिळांपैकी चार मूळ निगेटिव्हवरून आलेली. चौथ्याची निगेटिव्ह सापडलेली नाही, म्हणून ते थिएटरात चाललेल्या प्रिंटवरून स्कॅन केलेलं. निगेटिव्हवरची धूळ चित्रात पांढरी येते. प्रिंटवरची काळी. पहिल्या तीन रिळांना मी सॉफ्टवेअरला सांगितलं होतं, पांढरे ठिपके काढ. चौथ्याला सांगितलं, काळे काढ. सॉफ्टवेअर पुढची आणि मागची फ्रेम बघतं, आणि जे एकाच फ्रेममध्ये आहे त्याला कचरा समजतं. बसलेली माशी बारा फ्रेम एका जागी असते, म्हणून ती वाचली. उडणारी प्रत्येक फ्रेमला नव्या जागी, म्हणून ती गेली. म्हाताऱ्याच्या नाकावरची धड बसलेली नव्हती, घुटमळत होती. तीही गेली.

मॅडमनी लीडला, म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुखाला, बोलावलं. रात्री आठला ते रीळ स्पेनला पाठवायचं होतं.

"किती माश्या?" लीडने विचारलं.

"घोडे आहेत त्या सगळ्या शॉटमध्ये."

"आणि घोडे?"

"वेस्टर्न आहे, सर."

त्यांनी कपाळाला हात लावला. एक जण म्हणाला, राहू दे की, माश्या नसल्या तर कुणाचं काय बिघडतंय, उलट स्वच्छ दिसतंय. खरं सांगतो, क्षणभर मलाही तेच वाटलं. पण म्हातारा हवेत हात मारत होता, त्याला काय उत्तर देणार?

उन्हातले शॉट वेगळे काढले. तिघांनी वाटून घेतले. म्हाताऱ्याचा शॉट माझ्या वाट्याला आला. ४६ सेकंद, ११०४ फ्रेम. मूळ स्कॅन खाली, साफ केलेलं वर, आणि जिथे माशी आहे तिथे वरच्या चित्राला भोक पाडायचं. अडचण एवढीच की त्याच फ्रेममध्ये खरी धूळही होती, तितकीच काळी, तितकीच बारीक. पहिला तासभर मी अंदाजपंचे चाललो होतो. मग काका मागे येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवून पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"सावली बघ रे. माशी त्या गावात होती, धूळ फिल्मवर आहे. धुळीची सावली कुठून पडणार?"

बघितलं. भिंतीपुढच्या माशीची पांढऱ्या चुन्यावर पुसट सावली पडली होती, दुपारच्या उन्हामुळे थोडी खाली. धुळीच्या कणाला सावली नाही आणि त्याची कड ब्लेडने कापल्यासारखी. उडणारी माशी मात्र लांबट, फरफटलेली. त्यानंतर हात चालायला लागला. जेवण जागेवरच झालं, डबा कीबोर्डशेजारी.

हीरोच्या क्लोजअपमध्ये अजून एक निघाली. गालावरून चालत ती डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत जाते, पूर्ण दोन सेकंद, आणि बाबा पापणी हलवत नाही. पुसलेल्या चित्रात तो नुसताच रागाने बघतोय असं वाटत होतं. माशी परत आल्यावर तो माणूस वेगळाच दिसायला लागला. रीटेकच्या पैशापायी सोसलं की अभिनय म्हणून, देव जाणे. मी मात्र त्या दिवसापासून त्याला मानतो.

याच क्लोजअपच्या आधी मातीत गाडीच्या टायरच्या खुणा दिसतात. शेजारच्याने विचारलं, "या पुसू का?" आम्ही तिघेही एकदम ओरडलो.

सात पस्तीसला रीळ बांधलं. शीटवर दोषाचा प्रकार लिहायचा रकाना असतो: धूळ, ओरखडा, जोड, केस. माशी नव्हती. लीड म्हणाले, 'इतर' लिही. लिहिलं.

पाठवण्याआधी मॅडमनी म्हाताऱ्याचा शॉट पुन्हा लावायला सांगितला. चौक, हीरो, भिंत. माशी आली, नाकापाशी घुटमळली, म्हाताऱ्याने हात झटकला, शेजारचा हसला. त्याच्या जोडीने मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "पाठव."